सात वाव दोरी

रंगारी शिडीवरून पडला तेव्हा तलावाच्या धक्क्यावरची मंडळी आधी हसली आणि मग ओशाळली. कारण तिथे त्या माणसाला सगळे 'शिडी'च म्हणायचे. ताडमाड उंची, आणि हात असे लांब की उभ्या उभ्या गुडघे खाजवावेत. दुसरा रंगारी एका भिंतीसाठी शिडी तीनदा सरकवायचा, हा एकदा. तर असा हा माणूस एका जिन्यातल्या भिंतीला रंगाचा दुसरा हात देताना घसरला. खुब्याचं हाड मोडलं. आत सळई घातली, टाके निघाले, आणि डॉक्टर म्हणाले, "माझं काम झालं, आता तुमचं. वॉकर धरून रोज चालायचं. पडून राहिलात तर पडूनच राहाल."

तो पडूनच राहिला.

वॉकर खाटेशेजारी उभा असायचा. पहिले काही दिवस बायकोनं त्याला हात लावला नाही, की माणूस कधी उठेल सांगता येत नाही, हाताशी असलेला बरा. मग एक दिवस तिनं त्यावर ओले टॉवेल टाकले. "तुम्ही चालत नाही, तर निदान कपडे तरी वाळू देत," म्हणाली. तो भिंतीकडे तोंड करून निजला होता, तसाच राहिला.

बायको शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल, खुंटीवर गिऱ्हाइकांचे अर्धे झालेले कपडे. गल्लीत तिला सगळे मशीनवाली म्हणत. बाई ठेंगणी. वरच्या फळीवरचं कापड काढायला तिला स्टूल लागायचं, आणि लग्नाच्या फोटोत फोटोवाल्यानं तिला चक्क पायरीवर उभं केलं होतं, म्हणजे दोघं एका चौकटीत मावतील. तोंडानं मात्र ती कुणालाही पुरून उरेल अशी होती.

त्या दिवसांत रंगारी एकच प्रश्न विचारायचा. जेवण झालं का नाही, औषध घेतलं का नाही, कशाशी त्याला देणंघेणं नव्हतं. धक्क्यावरचं कुणी भेटायला आलं की तेवढा मान वळवायचा आणि म्हणायचा, "जागा गेली का?"

आता ही जागा काय, ते सांगायला हवं. शहराच्या कडेला मोठा तलाव आहे. पूर्वी तिथून होड्या माणसं पलीकडे न्यायच्या. पूल झाला, होड्या गेल्या, दगडी धक्का तेवढा उरला. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिथे माणसं मासे धरायला बसतात. गर्दीत लांब काठी फिरवायला वाव नाही, तेव्हा सगळ्यांचे गळ हातदोरीचे. वीतभर फळीला गुंडाळलेली दोरी, टोकाला शिसं आणि गळ. खिशातून काढायची, बोटावरून सोडायची, उठताना गुंडाळून खिशात घालायची. रंगाऱ्याची फळी त्याच्या पहिल्या मोडक्या शिडीच्या पायरीतून कापलेली होती.

कठड्यालगत बसण्याच्या जागा मोजक्या. ज्याची त्याची ठरलेली. त्यातली रंगाऱ्याची जागा होड्या बांधायच्या जुन्या खुंटाशेजारची, सगळ्यात खोल पाण्यावरची, आणि त्या जागेसाठी बेकरीवाला कित्येक दिवस मागे बाकावर बसून वाट बघत होता.

या सगळ्याचा हिशेब ठेवायचा तो कंडक्टर. बसमधून निवृत्त झाला होता, पण लोकांना 'पुढे सरका' म्हणायची सवय काही निवृत्त झाली नव्हती. एका संध्याकाळी तो भेटायला आला आणि चहा संपल्यावर खरं ते बोलला.

"हे बघ शिडी, नियम तुलाही ठाऊक आहे. जागा रिकामी ठेवता येत नाही. घरातलं कुणी बसलं तर चालतं. पण नुसतं बसून नाही. जो बसेल त्यानं महिनाअखेरपर्यंत एक तरी धड मासा काढायचा. नाहीतर ते सीटवर रुमाल टाकल्यासारखं होतं."

"घरात आहे कोण?" रंगारी भिंतीला म्हणाला. "पोरगी तिकडे परमुलखात. दे जागा त्याला. मी आता उठून तरी काय करायचं आहे."

मशीनवाली दारात उभी राहून काजं करत होती. तिनं दोरा दातानं तोडला.

"मी बसते," ती म्हणाली.

रंगाऱ्यानं पहिल्यांदा मान पूर्ण वळवली. "तू? तुला माशाचा वास सहन होत नाही."

"तुमचा झाला की इतकी वर्षं."

खरं सांगायचं तर तिला मासे धरण्यात काडीचा रस नव्हता. दर रविवारी नवरा उठून तलावावर जातो आणि घरातला नळ गळत राहतो, एवढंच तिचं त्या विषयावरचं मत. त्यानं आणलेले मासे हा वाटेत विकत घेतो, असंही ती शेजारणीपाशी बोलायची. पण 'उठून काय करायचं आहे' हे शब्द तिच्या कानात बसले. त्या जागेपलीकडे या माणसाला उठायला दुसरं काही कारण उरलेलं नाही, हे तिला लख्ख दिसलं. ती जागा गेली की वॉकरवर कायमचे टॉवेल.

दुसऱ्या दिवशी शिकवणी झाली. रंगाऱ्यानं पाठीशी दोन उशा मागून घेतल्या, म्हणजे कितीतरी दिवसांनी तो सरळ बसला. दोरीचं टोक चादरीखाली धरलं आणि दोरी बायकोच्या बोटावरून नेली.

"डोळे मीट. आता सांग."

"काहीतरी कुरतडतंय."

"ते बारकं. त्याला उत्तर द्यायचं नाही. आणि हे?" त्यानं दोरी हळूच, जड ओढली.

"हे तर घेऊनच चाललं."

"हा मिशीवाला, मोठा मासा. तो दार ठोठावत नाही, दारच काढून नेतो. तेव्हा झटका द्यायचा. आणि दोरी हाताला गुंडाळायची नाही, बोटं कापतात."

"मशीनच्या दोऱ्याचा ताण बघतात तसंच आहे की."

"शहाणी आहेस. आता नीट ऐक. खुंटाशेजारून सोडायची, सरळ खाली. सात वाव. दोन्ही हात पसरले की एक वाव, अशा सात. सहा नाही, आठ नाही. आठला खाली होड्यांच्या जुन्या साखळ्या आहेत. तिथे गळ अडकला तर तुटूनच येतो. सहाला नुसती चिल्लीपिल्ली. मिशीवाले साखळ्यांच्या जरा वर असतात, ओट्यावर गप्पा मारत बसल्यासारखे."

"सात," ती म्हणाली.

"आणि कुणाला सांगायचं नाही."

हा धक्क्यावरचा रिवाज होता. दुसऱ्याला खोली विचारायची नाही, आणि शेजारी दोरी मोजायला लागला की आपण तोंड फिरवून तलावाकडे बघायचं. दोरीला कुणी गाठ मारत नसे की खूण करत नसे. ज्याची वाव त्याच्या अंगात.

पहिल्या रविवारी मशीनवाली धक्क्यावर गेली तेव्हा मंडळींनी सरकून तिला वाट दिली. "या वहिनी," कंडक्टर म्हणाला, "पुढे चला, पुढे मोकळं आहे." तिनं सुईत दोरा ओवावा तसं गळावर गांडूळ ओवलं. बेकरीवाल्यानं ते बघून भुवया उडवल्या. मग तिनं दोरी हातात घेतली आणि सगळ्यांनी सभ्यपणानं माना फिरवल्या. तिनं हात पसरून सात वाव मोजल्या, दोरी सोडली, बोटावर घेतली, आणि दुपारपर्यंत बसून राहिली.

बारकं काहीतरी टिचक्या मारून गांडूळ खात होतं. तिनं उत्तर दिलं नाही. मोठं काही आलंच नाही.

दुसऱ्या रविवारी तेच. दोन्हीकडची माणसं मासे काढत होती आणि सगळ्यात चांगल्या जागेवर बसलेली बाई गांडुळं वाटत होती.

"वहिनी," बेकरीवाला बाकावरून म्हणाला, "माझ्याकडे शिळा पाव असतो. तुम्ही नाहीतरी अन्नछत्रच उघडलंय, तर तोही घालत जा."

"तुमचा पाव टाकला तर शिशाशिवाय तळाला जाईल," ती म्हणाली. मंडळी हसली, बेकरीवालाही हसला. पण हसून जागा राहत नाही.

घरी रंगारी वाट बघत होता. तिच्या रिकाम्या पिशवीकडे त्यानं एकदाच बघितलं.

"काय लागत होतं?"

"बारकं. टिचक्या मारून जातंय."

"बारकं सहाला असतं. तू सहाच मोजतेस."

"सात मोजते."

"सात मोजलीस तर मिशीवाला लागलाच पाहिजे. मोजण्यात गफलत आहे तुझ्या."

तिनं पिशवी खाली ठेवली. "जन्मभर लोकांची मापं घेतेय मी. एका सुताची चूक झाली तर गिऱ्हाईक अंगावर येतं. आणि मला सातपर्यंत मोजता येत नाही?"

"मग मासे काय माझ्यावर रुसलेत?"

"रुसले असतील. किंवा तिथे कधी नसतीलच. बाजारात असतील."

हे बोलायला नको होतं, हे तिला बोलतानाच कळलं. रंगाऱ्यानं पाठीमागची उशी काढली, खाली सरकला आणि भिंतीकडे वळला. "सांग कंडक्टरला," म्हणाला. "कशाला त्या बिचाऱ्याला बाकावर ताटकळत ठेवायचं."

आठवडाभर तो उशी टेकून बसला नाही. व्यायाम शिकवायला आलेली मुलगी परत गेली. तिचं ऐकून घ्यायला फक्त वॉकर होता, आणि त्यावर पुन्हा टॉवेल.

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. मशीनवाली निघाली तेव्हा तो जागा होता, पण भिंतीकडे तोंड करून. तिनं नेहमीसारखं हातातलं काम पिशवीत टाकलं. बारकं कुरतडत असताना नुसतं बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं, दोरी डाव्या बोटावर ठेवून उजव्या हातानं काही ना काही उसवत असायची. त्या दिवशी पिशवीत रंगाऱ्याचाच शर्ट होता. पडून पडून माणूस अर्धा झाला होता, सगळे शर्ट अंगात झोळीसारखे लोंबत. बगलेपासूनची शिवण उसवून आत घ्यायची होती.

तिनं सात वाव मोजल्या. दोरी सोडली. बारकं लगेच हजर झालं.

ऊन वर आलं. कंडक्टर दोनदा येऊन परत गेला. दुपारी मंडळी उठायची आणि तिथे हिशेब संपायचा. बेकरीवाल्यानं बाकावर पेपर उघडला होता, पण बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

तिनं शर्ट मांडीवर घेतला. बाहीची शिवण सापडेना म्हणून तो कठड्यावर आडवा पसरला. कठड्याचे उभे गज लांब लांब होते, त्यांतल्या दोन गजांमध्ये ती बसली होती. तिचे हात पसरले की एका गजापासून दुसऱ्या गजापर्यंत पोचायचे, हे इतक्या वेळा मोजून तिला पाठ झालं होतं. शर्टाची एक बाही तिनं डाव्या गजाशी धरली. दुसरी बाही उजव्या गजाला पोचली, तो ओलांडून पुढे गेली, आणि कफ पाण्यावर लोंबायला लागला.

ती बघतच राहिली.

हा शर्ट तिनंच शिवला होता. तयार शर्टाची बाही त्याच्या मनगटापर्यंत कधी पोचलीच नव्हती. लग्नाआधी तो तिच्या वडलांच्या दुकानात आला होता तोच मुळी बाह्या लांब करून मागायला. तेव्हापासून त्याच्या हाताचं माप ती डोळे मिटून कापत आली होती. आणि त्यानं सांगितलेल्या सात वाव मात्र तिनं स्वतःच्या वीतभर हातांनी मोजल्या. दुसऱ्याच्या मापाचा कपडा आपल्या अंगावरून बेतावा, अशी चूक तिच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीनं केली असती तर तिनं तिला दाराबाहेर उभं केलं असतं.

टेप घरी मशीनवर राहिली होती. पण टेपेची गरजही नव्हती.

तिनं दोरी भराभर वर ओढली, नवं गांडूळ लावलं आणि शर्ट कठड्यावर ताणून पसरला. कफाच्या पुढे पंजाचं अंतर दोन्ही बाजूंना सोडायला हवं होतं. तिनं आपली वीत टेकवली, मग थांबली, आणि बोटभर आणखी धरली. वीतसुद्धा त्याचीच हवी. मग त्या शर्टावरून दोरी मोजायला लागली. एक. दोन.

रिवाजाप्रमाणे सगळे तलावाकडे बघत होते. पण बाई कठड्यावर नवऱ्याचा शर्ट वाळत घातल्यासारखा पसरून त्याच्यावरून दोरी ओढते आहे, हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून न बघणं माणसाच्या हातचं नाही. सगळ्यात आधी कंडक्टरच्या लक्षात आलं. त्यानं तोंडावर हात धरला.

"काय झालं?" बेकरीवाला कुजबुजला.

"काही नाही. तू पेपर वाच."

सातवी वाव संपली आणि शिसं टेकलं नाही. दोरी ताठ, शांत राहिली. बारकं आलं नाही. तिला वाटलं, गेलाच साखळीत. गळ तुटला तर पिशवीत दुसरा होता, पण तो बांधून होईपर्यंत मंडळी उठली असती. तिनं बोट किंचित वर केलं. दोरी मोकळी होती.

ती तशीच बसली. उसवायचं काम राहून गेलं.

मग दोरी जड झाली. झटका नाही, टिचकी नाही. कापड मशीनखालून कुणी पलीकडून ओढून घ्यावं तशी ती बोटावरून निघाली. तिनं हात मागे मारला आणि तलावानं तिला पुढे ओढलं.

"धरला," कंडक्टर म्हणाला. "वहिनी, सैल सोडा. आता घ्या. सैल."

दुसऱ्याच्या दोरीला हात लावायचा नाही, हाही नियमच. तेव्हा सगळे भोवती उभे राहिले आणि तोंडानं मासा ओढायला लागले. ती उभी राहून हातावर हात टाकून दोरी घेत होती, सोडत होती. कठडा तिच्या गळ्याशी येत होता. तिनं पायाखाली पिशवी घेतली आणि तरी पुरेना. पाणी फुटलं, रुंद डोकं आणि लांब मिशा वर आल्या, आणि दोरी अशी ताणली की ती वाजली.

जाळं खाली कुणीतरी सोडायला हवं होतं. लांब दांड्याचं जाळं बाकाशेजारी होतं, म्हणजे बेकरीवाल्याच्या हाताशी. तो मासा सुटला असता तर खुंटाशेजारची जागा त्या दुपारी त्याची होती. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि त्याला सगळ्यात जास्त.

त्यानं पेपर बाकावर ठेवला, जाळं उचललं, पालथा पडून खाली सोडलं आणि माशाच्या पोटाखालून घातलं. "ओढा," म्हणाला. "आणि माझ्या पावाला नावं ठेवू नका परत."

घरी तिनं परात खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवली. माशाची शेपटी परातीबाहेर आली होती. रंगाऱ्यानं मान वळवली. मग हात लांब करून माशाच्या ओठातली गळाची जखम बोटानं चाचपली.

"विकत नाही घेतला," ती म्हणाली.

"दिसतंय." तो कोपरावर उठला. "किती सोडलीस?"

"सातच. तुमच्या सात. माझ्या हातांनी जवळजवळ नऊ भरतात."

त्याला क्षणभर कळलं नाही. मग त्यानं आपले दोन्ही हात पुढे धरून बघितले, उलटे, सुलटे, जणू ते कुणी आत्ताच आणून दिले होते. मग तिच्या हातांकडे बघितलं.

"मला कसं नाही सुचलं हे?"

"तुम्हाला कसं सुचणार, तुम्ही जन्मात दुसऱ्याचे हात वापरलेत कुठे? मी मापं घेणारी, मला सुचायला हवं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा." तिनं पिशवीतून शर्ट काढला. त्यावर माशाचा चिकट बुळबुळीतपणा सुकला होता, एक बाही गजाला अडकून फाटली होती, आणि बगलेची शिवण अर्धी उसवलेली. "याचं आता फडकं करायचं. नवा शिवते."

"शिव की."

"शिवते, पण माप?"

"माप आहे तुझ्याकडे."

"हातांचं आहे. छातीचं, खांद्याचं होतं ते माणूस होता तेव्हाचं. आता नव्यानं घ्यावं लागेल." तिनं गळ्यात टेप अडकवली. "आणि निजलेल्या माणसाचं माप घेता येत नाही. मी तरी घेत नाही."

तिनं वॉकरवरचे टॉवेल एकेक करून काढले, घडी केली, बाजूला ठेवली. घाई केली नाही.

"दुखतं," तो म्हणाला.

"दुखणारच. सळई आहे आत."

त्यानं पाय खाटेवरून खाली सोडले. वॉकर धरला. दोनदा बसला, शिवी हासडली, तिसऱ्यांदा उठला. मशीनवालीनं स्टुलावरची परात खाली ठेवली आणि स्वतः स्टुलावर चढली. खांदा मोजला. पाठ मोजली. छाती मोजली, पुन्हा मोजली. आकडा पहिल्याच वेळी बरोबर आला होता.

"झालं का?" त्यानं वॉकर आणखी घट्ट धरला.

"थांबा जरा. कॉलर राहिली."

नवा शर्ट झाला, आणि काही आठवड्यांनी तो घालून रंगारी वॉकर टेकत टेकत धक्क्यावर आला. मंडळींनी सरकून वाट दिली. "पुढे सरका," कंडक्टर म्हणाला, "शिडी येतेय, डोकी सांभाळा." तो खुंटाशेजारी बसला, सगळ्यांनी तोंडं फिरवली, आणि त्यानं हात पसरले.

मशीनवाली त्याला बसवून मागे बाकाशी आली. तिच्या हातात वीतभर फळी होती, नवी, टेबलाच्या मोडक्या फळकुटातून कापलेली, आणि तिला दोरी गुंडाळलेली. बेकरीवाला सरकला. तिनं कंडक्टरकडे बघितलं.

"रांगेत माझा नंबर कितवा?"

"बेकरीवाल्यानंतर तुमचाच, वहिनी."

ती बाकावर बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. "मग बेकरीवाल्यांना जागा मिळेल कधी?" म्हणाली, आणि पिशवीतून हातातलं काम काढून काजं करायला लागली.